उजव्या पायाला आधी कळतं

माझा उजवा पाय माझ्या ताब्यात नाही. नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसले की तो फूटरेस्टवर दाबला जातो, भावाच्या गाडीत बसले की पुढच्या पत्र्यावर. एकदा तर घरी सोफ्यावर बसून मालिका बघत होते. नायिका जिन्याच्या तोंडाशी उभी, आणि तिच्या मागं नणंद हळूच येऊन थांबली. मी इतक्या जोरात पाय दाबला की टीपॉय सरकला आणि चहा सांडला. नवरा म्हणाला, "अगं, तिला माहीत नाही ती पडणार आहे, आणि तुझ्या पायाला माहीत?" पायाला माहीत होतं. नणंदेनं पुढच्याच क्षणी ढकललं.

मी बायकांना कार चालवायला शिकवते. सतरा वर्षं झाली. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, आणि माझ्या संसाराची अर्धी भाकरी त्या ब्रेकवर भाजते. शिकणारीला वाटतं, आपणच वेळेवर गाडी थांबवली. मीही तिला तसंच वाटू देते. पहिल्या आठवड्यात हिंमत टिकली तर पुढचं सगळं येतं.

हे काम गाड्यांचं कमी आणि माणसं ओळखण्याचं जास्त. आमच्या संभाजीनगरात इंडिकेटरवर विश्वास ठेवणाऱ्याचं काही खरं नाही. वाळूजला चालू झालेला इंडिकेटर क्रांती चौकापर्यंत लुकलुकत येतो आणि माणूस सरळ निघून जातो. इथं बघायचा असतो रिक्षावाल्याचा पाय. तो बाहेर आला की रिक्षा त्या बाजूला वळणार. एकदा मी एका रिक्षावाल्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "आपा, बत्ती तो कबकी गई. पैर तो सलामत है ना?" स्कूटरवर मागं बसलेल्या बाईचा हात, सायकलवाल्याची मान, दुभाजकावर उभ्या माणसाची टाच, हे सगळं वाचता आलं पाहिजे. मला ते येतं, आणि मला त्याचा गर्व होता. होता म्हणते, कारण ही गोष्ट त्या गर्वाचीच आहे.

त्या गर्वाला खतपाणी घातलं एका डॉक्टरीणबाईंनी. त्या मेंदूच्या डॉक्टर, माझ्याकडं गाडी शिकायला यायच्या. माझ्या पायाची कहाणी ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "समोरच्यानं पेला उचलला की बघणाऱ्याच्या मेंदूतसुद्धा पेला उचलण्याची थोडी तयारी होते. हात हलत नाही, पण आतल्या आत ती हालचाल होऊन जाते. त्यावरून आपल्याला अंदाज येतो की हा पाणी पिणार आहे की पेला विसळायला नेणार आहे. जे काम आपण स्वतः पुष्कळदा केलेलं असतं, ते दुसऱ्याच्या अंगात जास्त लवकर ओळखू येतं. अर्थात सगळं एवढं सरळ नाही, आमच्यातही यावर वाद आहेत." एवढं सगळं समजावताना त्यांनी सिडकोच्या सिग्नलला गाडी बंद पाडली. मी म्हटलं, "मॅडम, मेंदू राहू द्या, आधी क्लच दाबा." पण त्या दिवसापासून माझा तोरा वाढला. शास्त्रच आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर काय विचारता!

आणि मग गणपतीच्या आधी शेंद्र्याच्या मावशी आल्या.

वय पंचावन्नच्या आसपास. नऊवारीतून नुकत्याच सहावारीत आलेल्या, हातात कापडी पिशवी, पायात पोराचे जुने स्पोर्ट शूज. ऑफिसात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "म्याडम, मला दसऱ्यापोतर गाडी आली पाह्यजे."

"एवढी घाई का मावशी?"

त्यांनी सांगितलं ते असं. मालकांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरात डायलिसिस. मुलगा कारनं आणायचा, न्यायचा. गावाकडची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा घेतलेली ती कार. आता मुलाच्या कंपनीनं त्याची पुण्याला बदली केली होती, दसरा झाला की निघायचं. डायलिसिसनंतर मालकांना चक्कर यायची. मध्ये एकदा मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणून दोघं जीपनं गेले, तर उतरताना ते रस्त्यावरच कोसळले. तेव्हापासून म्हणत होते, आता बास, मी जाणार नाही. "नाय गेलं तर किती दिस काढतील, ते डॉक्टरनं सांगितलंय," मावशी म्हणाल्या. आकडा त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

मालक मशीनवर असायचे तेव्हा चार तास मावशी दवाखान्याच्या बाकावर बसून काढायच्या. त्याच चार तासांतला एक तास त्यांनी माझ्या गाडीत घालायचा, असं ठरलं. मालकांना हे मुळीच पसंत नव्हतं. मी भेटायला गेले तर पडल्यापडल्या म्हणाले, "म्याडम, माझ्या किडन्या गेल्या तेवढं बास हाय. हात-पाय तरी राहू द्या." त्यावर मावशींनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाल्या, "तुम्ही निजा गुमान."

हात चांगला होता बाईचा. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडीनं एकच हिसका दिला, दुसऱ्या दिवशी तोही नाही. म्हणाल्या, "बैल जुपल्यावर कासरा एकदम ढिला सोडत नाय, तसंच हाय की हे." मी खूश. दसऱ्याच्या आधीच हिला पक्कं लायसन्स मिळवून देते, मनात म्हटलं.

चौथ्या दिवशी चिकलठाण्याच्या पुढं आम्ही छान चाललो होतो. मावशींनी डावा इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, गाडी अगदी शिस्तीत कडेला घेतली आणि थांबवली. मी इकडं-तिकडं बघितलं. खड्डा नाही, कुत्रं नाही.

"काय झालं मावशी?"

"माणूस उभा हाय ना."

खरंच एक माणूस डबा घेऊन उभा होता. मावशींनी काच खाली केली आणि विचारलं, "कुठं निघाले, दादा? बसा." तो बिचारा कंपनीच्या बसची वाट बघत होता. 'एल' लावलेली गाडी, आत दोन बायका, त्यातली एक या बसा म्हणतेय. तो दोन पावलं मागंच सरकला.

मी समजावलं की असं थांबायचं नसतं. त्यांनी मान हलवली, आणि अर्ध्या किलोमीटरवर एका म्हातारीसाठी पुन्हा थांबल्या. पुढच्या आठवड्यात शाळेची पोरं, एक पोस्टमन आणि स्वतःच्या दुकानाबाहेर तंबाखू मळत उभा असलेला एक टायरवाला, इतक्यांना त्यांनी "कुठं निघाले" विचारून झालं. टायरवाला म्हणाला, "कुठंच नाही, आई. दुकान माझंच आहे."

"मावशी, तुम्ही थांबता कामून?" शेवटी मीच त्यांच्या भाषेवर आले.

त्यांनी आधी मागच्या ट्रकला पुढं जाऊ दिलं. मग म्हणाल्या, "जमिनी गेल्या तवा गावात धा गाड्या आल्या. आमची सगळ्यात शेवटी आली. तोवर म्या पिशवी घेऊन रस्त्याला उभी राहायची, अन् माझ्याच भावकीतली पोरं काचा लावून, धुरळा उडवून जायची. रस्त्याला उभं राहिलेलं माणूस काय हौसेनं उभं राहतं व्हय? त्याला जायाचं असतंय."

त्यांच्या लेखी रस्त्याच्या कडेला उभं राहणं याचा अर्थ एकच होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या पायांनी शिकलेला होता. आज हे मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की जालना रोडवर मागून ट्रक येतात आणि ही बाई समाजसेवेला निघाली आहे.

मग मी त्यांना माझी विद्या द्यायला घेतली. "माणसाच्या तोंडाकडं बघू नका, पावलाकडं बघा. तोंड कुठंही असतं, पण जायचं असतं तिकडं आधी पाऊल वळतं. पावलं रस्त्याकडं असतील तर सावध व्हा. पावलं रस्त्याकडं नसतील तर तो येत नाही. सरळ जा." त्यांनी ते मनावर घेतलं. "गुराचं कान बघत्यात, तसं," म्हणाल्या. माझ्या विद्येला गुरांची उपमा दिल्याचा मला थोडा राग आला, पण मी गिळला.

परीक्षेची तारीख मिळाली ती नेमकी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी. मालक म्हणाले, पितृपक्षात कुणी परीक्षा देतं का! मावशी म्हणाल्या, पितरं बी पाहू द्या की मला गाडी चालवताना.

मी आरटीओच्या कुंपणाबाहेर उभी होते. मावशींनी वळणं सुंदर घेतली. गाडी उलटी घेतली, ती आमच्या शाळेतल्या कित्येक मुलींना येत नाही तशी. चढावर थांबवून पुन्हा उचलली, तसूभरही मागं येऊ दिली नाही. फक्त शेवटचा सरळ पट्टा राहिला होता. त्या पट्ट्याच्या कडेला परीक्षा घेणारे साहेब काखेत पॅड धरून उभे होते. गाडी येताना दिसली तसे ते नीट बघायला एक पाऊल पुढं आले. पाऊल रस्त्याकडं.

मावशींनी डावा इंडिकेटर दिला. मी कुंपणाबाहेर मातीत पाय दाबला, पण त्याचा काही उपयोग नव्हता, कारण त्या थांबतच होत्या. काच खाली गेली.

"साहेब, कुठं सोडू?"

साहेब भले माणूस होते. हसू दाबत म्हणाले, "मावशी, मी कुठंच निघालो नाही. निघायचं तुम्हाला होतं." आणि नियम होता तसं त्यांनी नापास लिहिलं.

परतताना गाडी मी चालवली. मला राग आला की तो आधी पायातून जातो आणि मग तोंडातून. दोन सिग्नल गप्प बसले, तिसऱ्याला सुटले. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला गुरं कळतात, माणसं कळत नाहीत. अशानं तुम्ही मालकांना दवाखान्यात नेणार नाही, दोघं मिळून तिथं भरती व्हाल."

 मावशी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "पोरगा पुढल्या रविवारच्या रविवारी चाललाय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बोललेलं परत घेता येत नाही.

दुसरी परीक्षा मिळाली नवरात्रात, आठव्या माळेला, गुरुवारी. त्यानंतर खंडेनवमी, दसरा, आणि रविवारी मुलगा पुण्याला. म्हणजे ही शेवटचीच संधी. मी मावशींना सक्त ताकीद दिली की आता कुणाहीसाठी थांबायचं नाही. त्या ऐकायच्या. ताठ बसून, ओठ आवळून माणसांशेजारून गाडी न्यायच्या आणि प्रत्येकाला ओलांडताना पुटपुटायच्या, "माफ कर रं बाबा." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, शेवटचा सराव म्हणून आम्ही शेंद्र्याच्या अलीकडून आत जाणाऱ्या एका लहान रस्त्याला लागलो. दोन्हीकडं चर, त्यात कमरेएवढं गवत. गाडी चाळिसाच्या वेगात. पुढं डाव्या कडेला एक बाई उभी होती, रस्त्याकडं पाठ करून. पावलं शेताकडं. हलतही नव्हती. माझ्या विद्येप्रमाणं हा अगदी पहिलीतला प्रश्न. माझा पाय निवांत पडून होता.

मावशींनी वेग कमी केला.

"मावशी, चला. ती येत नाही."

त्यांनी ब्रेक दाबला.

"अहो, पावलं बघा तिची! शेताकडं आहेत. उद्या परीक्षा आहे, आणि तुम्ही..."

गाडी पूर्ण थांबली आणि त्याच क्षणी ती बाई उलट्या पावलांनी धडपडत मागं आली. दोन, तीन, चार पावलं, थेट रस्त्याच्या मधोमध, आणि आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर धपकन बसली. तिच्या हातात दावं होतं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला चरातल्या गवतातून एक वासरू उडी मारून वर आलं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं आमच्याकडं बघायला लागलं.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ब्रेकवर नव्हता. तो जागचा हललासुद्धा नव्हता. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मावशी खाली उतरून त्या बाईला उठवत होत्या. "लागलं का गं बाई? रस्त्याला पाठ करून वासरू वढीत्यात व्हय? चरात उतरून मागून हाकलायचं." बाईला खरचटलं होतं, बाकी ठीक होती. लुगडं झटकत, वासराला शिव्या देत निघून गेली. मावशी परत येऊन बसल्या, पट्टा लावला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "दावं तर दिसतच नव्हतं."

"दावं कशाला दिसाया लागतंय? टाचा रोवल्या व्हत्या तिनं. कंबर मागं. ती वढीत व्हती. अन् आडून बसलेलं वासरू एकदम उठलं की वढणारं माणूस मागंच येतं. म्या काय कमी येळा पडलेय?"

मी आयुष्यात वासरू ओढलेलं नाही. माझ्या पायाला ते कुठून कळणार? डॉक्टरीणबाईंनी तेच तर सांगितलं होतं, आणि मी त्यातलं मला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

आता मात्र माझा पाय थरथरायला लागला. गुडघ्यावर हात दाबून धरला तरी थांबेना. ती बाई जिवंत होती, मावशी शाबूत होत्या, आणि त्यांचा पाय माझ्या पायाच्या आधी ब्रेकवर गेला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसूही. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी बोलले ते चुकले. माफ करा."

"राहू द्या. खोटं नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "गुरं कळत्यात मला. पर वासरामागं माणूस असतंच की." आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. "चल पोरी. त्यांचं मशीन सुटंल आता." त्यांनी मला म्याडम न म्हणण्याची ती एकच वेळ.

दुसऱ्या दिवशी आरटीओत तेच साहेब होते. मावशींना बघून त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितली, झाडाखाली मांडली, आणि म्हणाले, "मावशी, मी इथं बसतो. बसलेला माणूस कुठं जात नाही, एवढं लक्षात ठेवा." मावशींनी वळणं घेतली, गाडी उलटी घेतली, चढ चढल्या, शेवटच्या पट्ट्यावर साहेबांशेजारून ओठ आवळून गेल्या आणि रेषेपलीकडं जाऊन थांबल्या. साहेब खुर्चीतूनच टाळ्या वाजवायला लागले. मी कुंपणाला धरून खाली बसले. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. खंडेनवमीला त्यांनी गाडीची पूजा केली. मुलानं काढलेला फोटो मला आला, त्यात मालकांनी चेहरा असा केला होता की जणू हार गाडीला नाही, त्यांनाच घातला आहे.

नंतर दिवाळी झाली. नव्या मुली शिकायला आल्या आणि मी माझ्या व्यापात गुंतले. एका सोमवारी दुपारी माझी गाडी गॅरेजला होती. मी सिडकोच्या स्टॉपवर चिकलठाण्याला घरी जायला रिक्षाची वाट बघत उभी होते. एक पांढरी कार इंडिकेटर देऊन अगदी शिस्तीत कडेला आली आणि काच खाली गेली.

"कुठं सोडू, म्याडम?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला किती वेळा सांगितलं..."

"तुमचं पाऊल बघितलं. घराकडं व्हतं. बसा गुमान."

पुढच्या सीटवर मालक झोपले होते. डायलिसिस करून आलेल्या माणसाचा चेहरा पांढरा असतो, तसा होता, पण तोंड जरा उघडं, एक हात मांडीवर सैल पडलेला. दारावरची कडी त्यांनी धरलेली नव्हती. मी सवयीनं त्यांच्या पायांकडं बघितलं. चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला कलंडली होती. "दर खेपेला निजत्यात," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "आधी डोळं मिटत नव्हते."

मी मागं बसले. मावशींनी आरशात बघितलं, गाडी रस्त्याला घेतली. मुकुंदवाडीच्या सिग्नलला डावीकडून एक रिक्षा घुसली, रिक्षावाल्याचा पाय बाहेर आला, मावशींनी तिला जाऊ दिलं. इथपर्यंत मला आठवतं.

"म्याडम, उठा. चिकलठाणं आलं."